धाकटे नावाचा झोन

तारमास्तरला आईबापांनी ठेवलेलं एक नाव होतं, पण ते पगाराच्या पाकिटाबाहेर कधी पडलं नाही. छापखान्यात लहानथोर सगळे त्याला तारमास्तरच म्हणत. भिंतीतून, जिन्याखालून, मोरीच्या पाइपामागून गेलेली एकूण एक तार आपण स्वतःच्या हातांनी ओढलेली आहे, हे दिवसातून एकदा तरी कुणाला ऐकवल्याशिवाय त्याचं अन्न पचत नसे. ऐकायला कुणी सापडलं नाही तर तो यंत्रांना ऐकवी. यंत्रं निदान जांभई देत नसत.

छापखाना ऐसपैस होता. तळघरात छपाईची धुडं, पहिल्या मजल्यावर जुळणी आणि प्रूफं, त्याच्यावर हिशेब आणि दोन्ही मालकांच्या खोल्या. औषधांचे खोके, शाळेची पुस्तकं, बसची तिकिटं, जे येईल ते छापायचं. संगणक मात्र बाकीच्या जगाने कधीच भंगारात काढलेले, फुगीर पाठीचे, पिवळट पडलेले. त्यांना एकमेकांशी बोलायला लावणारी पद्धतही त्यांच्याच वयाची. आणि त्या पद्धतीत झोन होते.

झोन म्हणजे काय, हे नव्या माणसाला समजावताना तारमास्तरची छाती दोन बोटं वर येई.

"तार एकच आहे, बरं का. तळघरापासून गच्चीपर्यंत. पण तारेवरच्या सगळ्यांना सगळे दिसायला लागले तर बाजार भरेल. म्हणून मी गट पाडून दिलेत. हा या झोनचा, तो त्या झोनचा. भिंतींशी संबंध नाही, मजल्यांशी नाही. तळघरातला प्रिंटर आणि वरचे मालक एका झोनमध्ये असू शकतात. आणि एकाच टेबलाशी कोपराला कोपर लावून बसलेली दोन माणसं वेगळ्या झोनमध्ये."

"मग कोण कुठे, हे ठरवतं कोण?" नवा माणूस विचारी.

"आहे एकजण," असं म्हणून तारमास्तर खिशातला पेचकस काढून कान खाजवी.

काही छापायचं म्हटलं की पडद्यावर झोनांची यादी उघडे. थोरले, धाकटे, हिशेब, जुळणी, तळघर. झोन निवडला की त्यातले प्रिंटर दिसत. खरं म्हणजे दुसऱ्याच्या झोनवर टिचकी मारली असती तर तिथलेही दिसले असते, पण आपला झोन सोडून दुसरीकडे बोट लावलं की सगळा छापखाना बंद पडतो, अशी दहशत तारमास्तरने पहिल्यापासून घालून ठेवली होती. माणसं बिचारी आपापल्या झोनमध्ये मान खाली घालून नांदत होती.

प्रूफवाल्या बाई तेवढ्या एकदा चुकल्या. सगळ्यांदेखत म्हणाल्या, "मास्तर, तुमच्या तारा सरळ असतात हो, सदऱ्याची बटणं तेवढी वाकडी." सगळे हसले. तारमास्तरही हसला. दुसऱ्या दिवशी बाईंच्या कोपराशेजारचा प्रिंटर त्यांच्या यादीतून नाहीसा झाला. तो जागचा हललेला नव्हता. तिथेच होता, गरम होता, त्याच्यावर बाईंचा चष्मा ठेवलेला होता. फक्त आता तो हिशेबाच्या झोनमध्ये होता, आणि बाईंच्या यादीत उरलेला एकच प्रिंटर वरच्या मजल्यावर होता, त्यांची पानं तिथे निघत होती. बाईंचे गुडघे गेलेले. कठडा धरून एकेक पायरी चढायच्या, पान घ्यायच्या, उतरायच्या, त्यात चूक सापडली की पुन्हा चढायच्या. तारमास्तर जिन्याच्या तोंडाशी उभा राहून विचारी, "काय बाई, व्यायाम वगैरे?"

बाईंनी माफी मागितली. तारमास्तर म्हणाला, "अहो, माफी कसली? यंत्राचा दोष आहे, शोधतोय." आणि पुरता हिवाळा संपेपर्यंत तो शोधत राहिला.

असा हा माणूस. त्याला छापखान्यात आणला धाकट्या मालकांनी. दोघे शाळेत एका बाकावर बसत. धाकट्यांना गणित यायचं नाही आणि तारमास्तरला बाकी काहीच यायचं नाही, अशी ती जोडी. पुढे एकजण वडिलांच्या छापखान्याचा अर्धा मालक झाला आणि दुसरा त्याच छापखान्यात तार ओढायला लागला. चारचौघांत तारमास्तर त्यांना साहेब म्हणे, दार बंद झालं की अरे-तुरे. अंगणात कागदाच्या गोदामामागे दोन खोल्या होत्या, त्याही धाकट्यांनीच मिळवून दिल्या. भाडं नाही, दिवाबत्ती छापखान्याची. तारमास्तरच्या बायकोने तिथे दारात तुळतुळीत फरशी घालून घेतली, खिडकीला जाळी लावली, आणि या खोल्या आता आपल्या छातीवर बांधूनच नेणार अशा थाटात ती तिथे राहत होती. बाहेर कुठे जागा घेण्याची तारमास्तरची ऐपत नव्हती, आणि हे त्याच्यापेक्षा बायकोला जास्त ठाऊक होतं.

थोरले मालक वेगळे. ते कधी आवाज चढवत नसत. बोलताना समोरच्याकडे बघतही नसत. मोटारीच्या किल्लीने नखांतली शाई काढत खाली मान घालून बोलत, आणि त्यांचं बोलून संपायच्या आत समोरच्याला घाम फुटलेला असे.

भावाभावांत वाजलं ते कशावरून, ते छापखान्यात प्रत्येकजण वेगळं सांगत असे. एवढं खरं की एका सकाळी धाकट्यांच्या खोलीचं कुलूप बदललेलं होतं. धाकटे दाराशी उभे राहिले, आपली जुनी किल्ली कुलपात फिरवून पाहिली, मग ती खिशात घालून अंगण ओलांडून समोरच्या आपल्या घरात निघून गेले. ते घरही छापखान्याच्याच आवारात होतं. त्या दिवसापासून ते घराबाहेर पडले नाहीत. छापखान्यातली माणसं अंगणातून जाताना त्या घराकडे बघायचं टाळू लागली. घर फिरलं की वासे फिरतात. इथे तर वाशांना पगार थोरले देत होते.

मग थोरल्यांनी तारमास्तरला बोलावलं.

"सोमवारी नवे भागीदार येणार आहेत," थोरले नखाकडे बघत म्हणाले. "सगळीकडे फिरतील. यंत्रं बघतील."

"बघू देत की साहेब. लखलखीत ठेवलंय सगळं."

"छापायला गेलं की ती यादी येते ना? त्यात अजून धाकटे आहेत."

"हो साहेब. झोनचं नाव आहे ते. जुनं."

"नको आहे."

तारमास्तरला शाळेतला बाक आठवला असेल, असं कुणाला वाटत असेल तर तो भाबडेपणा झाला. तो पुढे वाकून म्हणाला, "मीच सुचवणार होतो, साहेब. बरं दिसत नाही ते. काय ठेवू त्याच्या जागी?"

"प्रगती ठेव."

"वा," तारमास्तर म्हणाला. "फारच छान."

थोरल्यांनी किल्ली दुसऱ्या हातात घेतली. "तू त्याचा माणूस, असं लोक म्हणतात. मी म्हणत नाही. सोमवारी यादीत ते नाव दिसलं तर मात्र मलाही म्हणावं लागेल. मग त्या गोदामामागच्या खोल्या... आपल्याला कागदाला जागा अपुरीच पडते आहे."

तारमास्तर पळतच खाली आला.

आता या जुन्या पद्धतीतली एक खोड सांगायला हवी. झोनची नावं संगणकात नसतात. ती असतात पेट्यांमध्ये, लुकलुकणाऱ्या दिव्यांच्या, विटेएवढ्या पेट्या. छापखान्यात अशा तीन होत्या. एक जिन्याखाली, एक हिशेबाच्या कपाटामागे, एक तळघरात. या पेट्या चोवीस तास एकमेकींशी कुजबुजत असतात, आपल्याकडे कुठले झोन आहेत म्हणून. एकीला एखादं नाव ठाऊक असलं की ती बाकीच्यांना सांगणार. त्यामुळे एखादं नाव मारायचं तर सगळ्या पेट्या एकदम बंद कराव्या लागतात, आणि चांगला पाव तास बंद ठेवाव्या लागतात, म्हणजे ते नाव सगळ्यांच्याच डोक्यातून उतरतं. एक जरी पेटी त्या वेळात जागी राहिली तरी बाकीच्या उठल्याबरोबर ती त्यांना जुनं नाव पुन्हा पढवते. मेलेलं माणूस तिरडीवरून उठून बसावं, तसं ते नाव यादीत येऊन बसतं.

रविवारी छापखाना बंद असे. सकाळी तारमास्तरने तिन्ही पेट्या बंद केल्या, जिन्यावर बसून पाव तास काढला, नवं नाव भरून पेट्या चालू केल्या आणि जुळणीच्या संगणकावर यादी उघडली.

प्रगती आलं होतं. आणि त्याच्या शेजारी, जसंच्या तसं, धाकटे.

तो हसला. घाई झाली, म्हणाला. पुन्हा तिन्ही बंद केल्या. या वेळी जिन्यावर एक डुलकीही काढली. उठून बघतो तर थोरले, धाकटे, प्रगती, हिशेब, जुळणी, तळघर. संख्या एकाने वाढलेली तेवढी.

तिसऱ्या खेपेला त्याने पेट्यांच्या वायरी भिंतीतून उपटूनच काढल्या. पाव तासाने परत जोडल्या, तरी धाकटे होतेच.

दुपारी थोरल्यांचा फोन आला. "झालं?"

"होतंय, साहेब. जुनं नाव आहे, मुरलेलं. निघायला वेळ लागतो."

"निघत नाहीये की तू काढत नाहीयेस?" एवढं विचारून थोरल्यांनी फोन ठेवला.

जेवायला घरी गेला तर बायको दारातच उभी. तिला सगळं कळलेलं होतं, कारण ते या खोल्यांविषयी होतं.

"अहो, एक नाव पुसता येत नाही तुम्हाला? शाळेत फळा तरी पुसला होता का कधी?"

"तुला त्यातलं कळत नाही."

"मला खोल्यांतलं कळतं. माझ्या भावाकडे जाऊन राहायची पाळी आली तर तो रोज ताटावर बसवून विचारेल, काय भावजी, किती तारा ओढल्या आज? ऐकून घ्याल?"

"नकाशा असता तर..." असं काहीतरी तारमास्तर पुटपुटला आणि तिथेच जीभ चावली. कारण नकाशा काढायला साफ नकार देणारा तोच होता. दोन्ही मालकांनी कितीदा सांगितलं, कुठली तार कुठे जाते ते एकदा कागदावर उतरव. तारमास्तर म्हणे, माझ्या डोक्यात आहे की सगळं. मनात म्हणे, कागदावर उतरलं की उद्या कागद राहील आणि मी जाईन. म्हणून सगळा छापखाना त्याने डोक्यात ठेवला होता. आणि डोकं आता साठीला आलं होतं.

भाकरी अर्धी टाकून तो परत गेला. आता त्याने अशी गोष्ट केली जी करायला इतरांना बंदी होती. यादीतल्या धाकटे या नावावर टिचकी मारली. त्या झोनमधलं सगळं त्याने केव्हाच हलवलं होतं, तेव्हा आत काही नसायला हवं होतं. आत एक प्रिंटर होता. त्याचं नाव होतं, पलंग.

तारमास्तर पडद्याकडे बघत राहिला आणि त्याच्या कानांच्या पाळ्या तापत गेल्या.

काही वर्षांपूर्वी धाकटे जिन्यावरून पडून मांडीचं हाड मोडून घेऊन घरी पडले होते. तेव्हा यानेच, कुणी न सांगता, मोठ्या तोऱ्यात म्हटलं होतं, "तू पडून राहा रे. तुझ्या पलंगाशी आणतो छापखाना." पावसाच्या पाइपातून तार नेली, अंगणाखालून पलीकडे काढली, पलंगाखाली चौथी पेटी ठेवली, उशाशी संगणक आणि छोटा प्रिंटर लावला आणि गंमत म्हणून त्याचं नाव पलंग ठेवलं. हाड सांधलं, धाकटे हिंडूफिरू लागले, पेटी तशीच राहिली. कागदावर कुठे नव्हती. डोक्यात होती, पण ती नेमकी डोक्याच्या मागच्या खोलीत, जुन्या सामानाखाली.

म्हणजे सकाळपासून इकडे तीन पेट्या झोपवल्या जात होत्या आणि अंगणापलीकडे पलंगाखाली चौथी जागी राहून धन्याचं नाव घोकत होती.

थोरल्यांना सांगायची सोय नव्हती. मालकाच्या दुश्मनाच्या घरात छापखान्याची तार आहे आणि ती मी ओढली आहे, हे कुठल्या तोंडाने सांगणार? उरला एकच मार्ग. तिन्ही पेट्या बंद करून, छापखान्याला कुलूप घालून तारमास्तर अंगण ओलांडून गेला.

धाकट्यांनीच दार उघडलं. दाढी वाढलेली, अंगात गंजीफ्रॉक. "ये," म्हणाले, जणू हा रोजच येत होता.

"बरं आहे ना, साहेब?"

"साहेब? इथे कोण आहे ऐकायला? बस."

तारमास्तर खुर्चीच्या टोकावर बसला. हवा कशी आहे ते बोलून झालं. घराच्या भिंतीला ओल आली आहे, ते बोलून झालं. वहिनी दिसत नाहीत, ते विचारून झालं. वहिनी माहेरी गेल्या होत्या.

"ताकाला आलायस, भांडं कशाला लपवतोस?" धाकटे म्हणाले. "पेटी ना?"

तारमास्तरची नजर पलंगाखाली गेली.

"सकाळपासून बघतोय मी. माझ्याकडेही येते ती यादी. एकदम सगळे नाहीसे होतात आणि मी एकटाच उरतो. मग सगळे परत येतात. नंतर पुन्हा जातात. तिसऱ्यांदा मलाच तुझी कीव आली. प्रगती कुणाच्या डोक्यातून निघालं, दादाच्या?"

"मी नोकर माणूस आहे रे."

"ते दिसतंय. काय हवंय ते तोंडाने बोल."

"पेटी बंद करायला हवी. पाव तास. तेवढीच."

"कशासाठी?"

"तुला माहीत आहे."

"मला तुझ्या तोंडून ऐकायचंय."

तारमास्तरने खिशातला पेचकस चाचपला. "तुझं नाव काढायचंय," तो म्हणाला. "यादीतून."

धाकटे उठले, पलंगाखाली वाकले आणि स्वतःच्या हातांनी बटण दाबलं. लुकलुक थांबली. परत येऊन समोर बसले. "बस पाव तास. तू असा मान घालून बसलेला बघायला मजा येते."

बाहेर गोदामाच्या पत्र्यावर कबुतरं चालत होती. पाव तास काही केल्या सरत नव्हता. मध्येच धाकटे म्हणाले, "कागदाच्या गोदामात डावीकडे, गठ्ठ्यांमागे पाहिलंयस कधी?"

"काय आहे तिथे?"

"नवं नेटवर्क. सगळंच्या सगळं, खोक्यांत बांधलेलं. मागच्याच्या मागच्या वर्षी आलंय. दादा दर महिन्याला म्हणायचा, ते जुनं काढून फेक. त्याला कुणी लागत नाही म्हणे, पोरंसुद्धा बसवतात. मीच म्हणायचो, राहू दे. ते काढलं तर हा काय करणार? बसलाय बिचारा, बसू दे."

तारमास्तरला कुणी शिवी दिली असती तर त्याने ती गिळली असती. हाकलून दिलं असतं तरी त्याला राग आला नसता, कारण तो कामच तसं घेऊन आला होता. पण बिचारा? आपल्यावाचून ज्या छापखान्याचं पान हलत नाही असं तो अर्धं आयुष्य सांगत आला, तिथे त्याला नुसता दया म्हणून ठेवला होता? प्रूफवाल्या बाईंना, जुळणीवाल्यांना, सगळ्यांना ठाऊक असेल?

"झाला पाव तास," तो उठत म्हणाला.

"झाला? एवढ्यात विसरल्या?"

"पेट्या आहेत त्या."

"माणसांना तर एवढाही वेळ लागला नाही," धाकटे म्हणाले आणि दार लावून घेतलं.

त्या खेपेला नाव गेलं. तारमास्तरने सगळ्या मजल्यांवर जाऊन सगळ्या संगणकांवर यादी उघडून पाहिली. थोरले, प्रगती, हिशेब, जुळणी, तळघर. संध्याकाळी थोरले स्वतः आले, एका संगणकावर यादी पाहिली आणि नुसते "हं" म्हणाले.

अंगणातून परत येतानाच तारमास्तरने वाक्य तयार ठेवलं होतं, एक जोड सैल होता साहेब, सापडला. एवढं म्हणून घरी गेला असता तर त्याच्या खोल्या शाबूत होत्या. पण दिवसभर मरमर करून पदरात एक "हं" पडला होता, आणि कानात अजून 'बिचारा' हा शब्द घुमत होता.

"सोपं नव्हतं, साहेब," तो म्हणाला. "दुसरा असता तर सापडलंच नसतं. पेटी त्यांच्या घरात होती."

थोरल्यांची किल्ली थांबली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी तारमास्तरच्या तोंडाकडे पाहिलं.

"कुणाच्या घरात?"

"धाकट्या... त्यांच्या. पलंगाखाली. तार आपल्या पाइपातून, अंगणाखालून गेलीय. तिथून त्यांना आपलं सगळं दिसत होतं. सकाळपासून बघत बसले होते."

"कुणी बसवली?"

"असेल कुणी बाहेरचा..."

"बाहेरचा माणूस," थोरले अगदी मायेने म्हणाले, "आपल्या पाइपातून तार घालतो, आपल्या अंगणाखालून नेतो, आणि तुला पत्ता नाही. मग तुला ठेवलाय कशाला? की पत्ता होता? तू चोर आहेस की निकामी, एवढं तूच ठरव. उद्या वकील येतोय, त्याला काहीतरी एक सांगावं लागेल."

तारमास्तर सदऱ्याची वाकडी बटणं सरळ करू लागला.

"तिसरंही असू शकतं," थोरले पुन्हा नखांकडे वळले. "नोकर माणूस. मालकाने चोरून करायला लावलं, बिचाऱ्याने केलं. नोकराला कोण बोल लावणार? असा माणूस आपल्या खोल्यांत राहिला तर माझी हरकत नाही."

आता हा बिचारा त्याला मुळीच टोचला नाही. उलट त्याने तो दोन्ही हातांनी धरला.

"तसंच झालं, साहेब," तो म्हणाला. "त्यांनीच लावलं करायला. मी नको नको म्हणत होतो."

सोमवारी नवे भागीदार छापखाना बघून खूश होऊन गेले. मग वकिलापुढे तारमास्तरने तेच बोलून दाखवलं, सहीही केली. मोडलेल्या मांडीचं त्यात काही आलं नाही. पलंगाशी छापखाना आणायची कल्पना कुणाची, तेही नाही. धाकट्यांनी घरात बसून छापखान्याची कामं चोरली, असं त्यातून निघत होतं, आणि एवढं थोरल्यांना पुष्कळ होतं. आठवड्याच्या आत समोरच्या घराला टाळं लागलं. तार कापायला थोरल्यांनी तारमास्तरलाच पाठवलं. टेम्पोत सामान भरणं चाललेलं असताना हा पाइपाशी बसून तार ओढून काढत होता आणि कोपराभोवती नीट वेटोळं करून घेत होता, चांगली तार वाया कशाला घालवायची म्हणून. धाकटे टेम्पोत चढताना जरा थांबले.

"हाड मोडलं होतं तेव्हा फार उपयोग झाला हिचा," ते म्हणाले. "तेव्हा आभार मानायचे राहिले."

तारमास्तरने मान वर केली नाही. वेटोळं मात्र सुटलं, ते पुन्हा पहिल्यापासून घालावं लागलं.

घरी बायकोने त्या दिवशी काही विचारलं नाही. ताट वाढलं, आणि हा जेवत असताना खिडकीची जाळी धुतली.

नवं नेटवर्क यायला वेळ लागला नाही. गोदामातले खोके फुटले, दोन तरुण मुली शीळ घालत येऊन दुपारपर्यंत सगळं बसवून गेल्या. तिन्ही पेट्या भंगारात गेल्या. झोन नाहीत, नावं नाहीत, ज्याला जे हवं ते दिसे. प्रूफवाल्या बाईंनी आपल्या कोपराशेजारच्या प्रिंटरवर पान काढलं आणि ते हातात धरून उगीचच वाचत बसल्या. तारमास्तरला काम उरलं नाही, पण त्याला कुणी काढलंही नाही. खटला चालू होता आणि तो साक्षीदार होता. रोज सकाळी तो येई, जिन्याखाली जिथे पेटी होती तिथे स्टूल टाकून बसे. जाणारे-येणारे म्हणत, "काय मास्तर, पहारा का?" तोही हसे. दिवस असे जात होते आणि खोल्या त्याच्याकडे होत्या. त्याला वाटू लागलं होतं की हे असंच चालेल.

पण भावांचे खटले भाऊच मिटवतात. कुणी मामा मध्ये पडला, कुणाची आजारी आत्या रडली, नव्या भागीदारांना धाकट्यांच्या सासऱ्याची ओळख हवी होती. एका सकाळी धाकटे पुन्हा मोटारीतून उतरले, गुळगुळीत दाढी केलेले, आणि थोरल्यांनी फाटकापर्यंत जाऊन त्यांच्या पाठीवर हात ठेवला. दिवसभर दोघांचं दार बंद होतं. आतून हसण्याचे आवाज येत होते. बऱ्याच गोष्टींवर ते अजून अडून होते म्हणे, पण एका गोष्टीवर पहिल्या दहा मिनिटांतच एकमत झालं.

तारमास्तरला बोलावणं आलं. तो गेला तेव्हा दोघे एकाच पेरूच्या फोडी खात होते.

"तू सांग," थोरले म्हणाले.

"छे, तू सांग. थोरला तू."

"अरे, पण मित्र तुझा."

"साक्षीदार तुझा."

दोघेही हसायला लागले. शाळेतून पळून आलेल्या पोरांसारखे, एकमेकांना कोपरं मारत. तारमास्तर एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत उभा राहिला. आपणही हसायचं की नाही, हे त्याला ठरवता येईना. थोडा हसला.

"दोन्ही घरचा पाहुणा," धाकटे डोळे पुसत म्हणाले. "याने माझ्या घरात तार आणली, तुला ती दाखवली, तुझ्या सांगण्यावरून माझं घर बंद केलं. उद्या आपल्या दोघांचं भांडण झालं तर हा कुणाला विकेल, दादा?"

"जो खोल्या देणार नाही त्याला," थोरले म्हणाले.

"मी नोकर..." तारमास्तरने सुरुवात केली.

"होतास," थोरले नखांकडे बघत म्हणाले. "खोल्यांत रविवारपासून कागद ठेवायचाय. किल्ली इथे टेबलावर ठेवून जा."

त्याने खिशातून किल्ली काढली. त्याच्या हाताला पेचकस आधी लागला, मग किल्ली. ती टेबलावर ठेवली तेव्हा धाकट्यांनी पेरूची बशी जरा बाजूला सरकवली, किल्लीला जागा व्हावी म्हणून. त्यानंतर कुणी त्याच्याकडे पाहिलं नाही. दोघे भाऊ नव्या यंत्राविषयी बोलू लागले.

अंगणात बायको कपड्यांच्या पेटीवर बसली होती. तिने सामान केव्हाच बांधून हातगाडीवर चढवलं होतं. खिडकीची जाळीसुद्धा खिळे उपटून काढून घेतली होती. तिला कुणी काही सांगितलेलं नव्हतं. फाटकापाशी थोरल्यांचा हात धाकट्यांच्या पाठीवर पडलेला तिने पाहिला, तेवढं तिला पुरलं.

"काय म्हणाले?" तिने विचारलं.

"चहा घेऊन जा म्हणाले," तारमास्तर म्हणाला.

तिने त्याच्या कोरड्या ओठांकडे पाहिलं. "घेतलात?"

"नाही. वेळ कुठे होता?"

"तेवढा तरी घ्यायचा," असं म्हणून तिने हातगाडीचा दांडा उचलला. "माझ्या भावाकडे आजपासून मागून प्यावा लागेल."